संगणकीय न्यायसंदर्भ-साधने आणि शोधशब्दाचा प्रश्न

विधी शाखेच्या विद्यार्थ्याला आज न्यायनिर्णय शोधण्यासाठी ग्रंथालयातील जाडजूड खंड उलगडावे लागत नाहीत. ‘एस.सी.सी. ऑनलाइन’, ‘मनुपात्र’ यांसारखे सशुल्क डेटाबेस, २००८ साली सुरू झालेले ‘इंडियन कानून’ हे सर्वांस खुले असलेले संकेतस्थळ, केंद्रीय व राज्य अधिनियमांचा ‘इंडिया कोड’ हा शासकीय संग्रह आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये विनामूल्य उपलब्ध केलेला ‘ई-एस.सी.आर.’ हा निर्णयसंग्रह अशी अनेक साधने त्याच्या हाताशी आहेत. चौकटीत दोन-चार शब्द लिहावेत आणि क्षणार्धात शेकडो निर्णय समोर यावेत, ही सोय मोठी आहे यात शंका नाही. तथापि ही सोय जितकी दृष्टीस पडते तितकी तिच्यामागील प्रक्रिया दृष्टीस पडत नाही. यंत्र शब्द शोधते. विद्यार्थ्याला हवी असते विधिसंकल्पना. शब्द आणि संकल्पना यांचा संबंध एकास एक असा नसतो, ही भाषाशास्त्रातील प्राथमिक गोष्ट होय. संगणकीय न्यायसंदर्भांच्या वापरातील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. एका भाषाभ्यासकाने या विषयात लक्ष घालण्याचे कारणही हेच.

१. साधनांचे स्वरूप

न्यायनिर्णय छापून प्रसिद्ध करण्याची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. १८७५ च्या अधिनियमानंतर ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ ही अधिकृत मालिका सुरू झाली. पुढे १८९९ पासून ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ व १९१४ पासून ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ ही खाजगी प्रकाशने निघू लागली; १९६९ मध्ये ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ची त्यांत भर पडली. या प्रकाशनांत निर्णयाचा केवळ पाठ नसे. निर्णयाच्या आरंभी संपादकाने केलेला सारांश, म्हणजे वकिलांच्या बोलीतील ‘हेडनोट’, विषयवार सूची, अधिनियमांची कलमवार सूची आणि उल्लेखिलेल्या निर्णयांची यादी असे. मनुष्याच्या बुद्धीने केलेले हे वर्गीकरण होते. ज्या निर्णयात विशिष्ट शब्द आलेला नाही, पण ज्यात तीच संकल्पना चर्चिली आहे, असा निर्णयही सूचिकार योग्य त्या शीर्षाखाली नोंदवीत असे.

आजच्या डेटाबेसमध्ये हे दोन घटक, म्हणजे मूळ पाठ आणि संपादकीय संस्करण, कधी एकत्र तर कधी अलग आढळतात. खुल्या संकेतस्थळांवर मुख्यतः मूळ पाठ असतो. सशुल्क डेटाबेसमध्ये त्यावर हेडनोट, विषयशीर्षे आणि निर्णयाच्या पुढील इतिहासाची नोंद असते. या भेदाला कायद्याचीही मान्यता आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये असे ठरविले की, न्यायनिर्णयाचा मूळ पाठ कोणाच्याही स्वामित्वाचा नाही. परंतु त्याचे परिच्छेद पाडणे, परिच्छेदांचे परस्परनिर्देश देणे, कोणत्या न्यायमूर्तींचे मत सहमतीचे व कोणाचे विरोधी हे दर्शविणे यांत संपादकाचे कौशल्य व निर्णयबुद्धी खर्च झालेली असते आणि तेवढ्यापुरते त्याला संरक्षण मिळते. विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा बोध असा की, जे विनामूल्य मिळते ते अपुरे नव्हे, पण ते असंस्कृत आहे. संस्काराचे काम तेथे वाचकालाच करावे लागते. ज्या महाविद्यालयांना सशुल्क डेटाबेसची वर्गणी परवडत नाही तेथील विद्यार्थ्याला तर हे काम टाळताच येत नाही.

२. शब्द एक, संकल्पना एक: एक गैरसमज

पूर्ण पाठात शब्द शोधून कितपत सामग्री हाती लागते, याची एक प्रसिद्ध तपासणी डेव्हिड ब्लेअर व एम. ई. मॅरॉन या दोघा संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. अमेरिकेतील एका मोठ्या दाव्यासाठी सुमारे ४०,००० दस्तऐवज, म्हणजे जवळजवळ ३,५०,००० पाने, संगणकात भरलेली होती. वकिलांनी आपल्या प्रश्नांस उपयुक्त असलेल्या सामग्रीपैकी किमान ७५ टक्के तरी मिळावी अशी अट घातली होती आणि शोध संपविताना ती पुरी झाली असा त्यांचा विश्वास होता. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच सामग्री मिळाली होती. कारण भाषिक होते. ज्या प्रसंगाला एक पक्ष ‘अपघात’ म्हणत होता, त्याचाच उल्लेख दुसऱ्या पक्षाची माणसे ‘घटना’, ‘परिस्थिती’, ‘अडचण’ अशा सौम्य शब्दांनी करीत होती. म्हणजे ज्यांच्या दस्तऐवजांत पुरावा असण्याचा संभव अधिक, त्यांच्याच दस्तऐवजांत शोधशब्द नव्हता.

या तपासणीत आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. हाती आलेल्या दस्तऐवजांपैकी बहुसंख्य उपयुक्तच होते. त्यामुळे शोध यशस्वी झाला असे वाटणे स्वाभाविक होते. जे सापडले ते आपल्याला दिसते. जे निसटले ते दिसत नाही. छापील सूचीत शीर्षाखालची यादी संपली म्हणजे संपली हे कळत असे. संगणकीय शोधात यादी लांबलचक असते, आणि तिची लांबी हाच तिच्या पूर्णतेचा पुरावा मानण्याचा मोह होतो.

आपल्याकडील एक उदाहरण घेऊ. ‘अँटिसिपेटरी बेल’ ही संज्ञा न्यायालयांत, वृत्तपत्रांत व वर्गांत सर्रास वापरली जाते. परंतु फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील ज्या कलम ४३८ ने ही तरतूद केली, त्या कलमाच्या शब्दांत ही संज्ञा नाही; अटकेची भीती असलेल्या व्यक्तीस जामीन देण्याविषयीचे निदेश असा त्याचा शब्दप्रयोग आहे. जो विद्यार्थी अधिनियमाच्या पाठात ही रूढ संज्ञा शोधील त्याला मूळ तरतूद सापडणार नाही, आणि जो केवळ अधिनियमाचे शब्द घेऊन निर्णय धुंडाळील त्याला रूढ संज्ञा वापरणारे कित्येक निर्णय मिळणार नाहीत. भर म्हणून काही निर्णयांत ‘प्री-अरेस्ट बेल’ असाही प्रयोग आढळतो. आपला मराठी शब्द ‘अटकपूर्व जामीन’ हा या तिसऱ्या प्रयोगाशी जुळतो, पहिल्याशी नव्हे. सारांश, एका संकल्पनेसाठी तीन वेगळे शोध करावे लागतात. हे तिन्ही शब्द विद्यार्थ्याला ठाऊक असावे लागतात आणि ते त्याला यंत्र सांगत नाही. पाठ्यग्रंथ, भाष्यग्रंथ व हेडनोट सांगतात. म्हणून पाठ्यग्रंथाचे वाचन आधी आणि शोध नंतर, हा क्रम जुना वाटला तरी तोच सयुक्तिक आहे.

३. अंकांची अनेकार्थता

शब्द संदिग्ध असतात, पण कलमाचा क्रमांक तरी निःसंदिग्ध असतो, असे कोणी म्हणेल. १ जुलै २०२४ पर्यंत हे म्हणणे पुष्कळ अंशी खरे होते. त्या दिवशी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता व भारतीय पुरावा अधिनियम यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष अधिनियम हे तीन कायदे अंमलात आले आणि परिचित क्रमांकांचे अर्थ बदलले.

‘१४४ कलम’ हे शब्द मराठी वाचकाच्या मनात जमावबंदीचा अर्थ जागा करतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत जमावबंदीसारख्या आदेशांचा अधिकार कलम १६३ मध्ये आहे, आणि कलम १४४ हे पत्नी, अपत्ये व आईवडील यांच्या निर्वाहखर्चाविषयी आहे, जे पूर्वी कलम १२५ होते. कलम ४८२ चे उदाहरण याहून बोलके आहे. जुन्या संहितेत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे कलम होते. नव्या संहितेत ४८२ हे अटकपूर्व जामिनाचे कलम असून अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले आहेत. दोन्ही विषयांचे अर्ज उच्च न्यायालयापुढेच येत असल्याने केवळ ‘कलम ४८२’ असा शोध घेतला तर दोन भिन्न विषयांचे निर्णय एकमेकांत मिसळून येतात. दंड संहितेतील खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता न्याय संहितेत १०३ झाले आहे, आणि न्याय संहितेचे कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबाबत आहे.

भाषाशास्त्रात समान रूपाच्या, पण भिन्न अर्थाच्या शब्दांबाबत जे घडते तेच येथे अंकांबाबत घडले आहे, आणि त्यावरील उपायही तोच, म्हणजे संदर्भ जोडणे. कलमाबरोबर अधिनियमाचे नाव, विषयवाचक एखादा शब्द आणि निर्णयाचा कालखंड ही तिन्ही शोधात द्यावी लागतात. शिवाय जुन्या संहिता बाद झाल्या म्हणून त्यांवरील निर्णय बाद झाले असे नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपराधांना जुनीच दंड संहिता लागू राहते. आणि जेथे नव्या कलमाने जुन्याचीच भाषा कायम ठेवली आहे तेथे जुन्या निर्णयांचे मार्गदर्शन घेतले जाते. मात्र भाषा खरोखर कायम आहे काय, हे दोन्ही पाठ शेजारी ठेवून शब्दशः ताडून पाहावे लागते. तुलनातक्त्यात दोन क्रमांक समोरासमोर आहेत एवढ्यावर विसंबून चालत नाही.

४. लिप्यंतर, नामांतर आणि मराठी रूपे

महाराष्ट्रातील जमीनविषयक दाव्यांच्या अभ्यासकापुढे आणखी एक अडचण असते. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे निर्णय इंग्रजीत असतात, परंतु त्यांतील वाद मराठी शब्दांभोवती फिरतो. हे शब्द रोमन लिपीत लिहिताना एकरूपता राहिलेली नाही. ‘वतन’ हा शब्द आरंभी दोन भिन्न अक्षरे घेऊन दोन प्रकारे लिहिलेला आढळतो. कुळ, इनाम, फेरफार यांची गतही फारशी निराळी नाही. ‘सात-बारा’ कोठे अंकांत, कोठे ‘हक्कनोंदीचा उतारा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांत, तर फेरफार कोठे मूळ शब्दात व कोठे ‘म्युटेशन’ म्हणून येतो. अधिनियमांची नावेही बदललेली आहेत. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या नावातील ‘मुंबई’च्या जागी आता ‘महाराष्ट्र’ आले आहे. केवळ नव्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती नामांतरापूर्वीचे निर्णय येणार नाहीत, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून कुळांच्या मालकीहक्काबाबत जो विचार न्यायालयांनी केला त्याचा मोठा भाग जुन्या नावाखालीच आहे. एखाद्या कुळाच्या वारसांचा जमिनीवरील हक्क अशा निर्णयावर अवलंबून असू शकतो. तेव्हा हा केवळ वर्णरचनेचा प्रश्न राहत नाही.

प्रत्यक्ष मराठी पाठात शोध घेताना तर आपल्या भाषेचे व्याकरणच आडवे येते. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘ताबा’ हा शब्द ‘ताब्यात’, ‘ताब्याचा’ असा बदलतो. ‘कूळ’ मधील दीर्घ ऊकार ‘कुळाला’, ‘कुळाने’ यांत ऱ्हस्व होतो. ‘हिस्सा’ तर ‘हिश्शाचा’ व ‘हिश्श्याचा’ अशा दोन्ही रूपांनी भेटतो. ज्या साधनात मराठी रूपविचाराची सोय नाही तेथे ‘कूळ’ हा शोध ‘कुळाने’ असलेल्या पानापर्यंत पोचत नाही. वाक्यात नाम बहुधा सप्रत्यय येत असल्याने केवळ प्रथमेचे रूप देऊन शोध घेणे म्हणजे मोठा भाग आपण होऊन वगळणे होय. याला १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांपूर्वीच्या लेखनाची जोड द्यावी. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यांत’ असे सानुस्वार लेखन असलेले जुने दस्तऐवज आजच्या लेखनाने शोधल्यास मिळत नाहीत. उपाय असा की, शब्दाचे प्रथमेचे रूप, सामान्यरूप आणि जुने लेखन ही तिन्ही अलग अलग शोधावीत.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही यांत्रिक भाषांतराची प्रणाली सुरू केली आणि कित्येक निर्णय आता मराठीतही वाचावयास मिळतात. पक्षकाराला आपल्या प्रकरणाचा निकाल स्वभाषेत कळणे ही न्यायाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे. परंतु या भाषांतरांबरोबरच स्पष्ट केलेले असते की, ती पक्षकाराला समजण्याच्या मर्यादित हेतूने दिली असून इतर सर्व प्रयोजनांसाठी इंग्रजी पाठच प्रमाण आहे. विद्यार्थ्याने भाषांतर आकलनासाठी जरूर वाचावे. आधार म्हणून मात्र मूळ पाठच द्यावा.

५. हे वाक्य कोणाचे?

शोधाचा निकाल विद्यार्थ्याला निर्णयाच्या आरंभी नेत नाही. शोधशब्द जेथे असेल त्या मधल्याच परिच्छेदाशी नेऊन सोडतो. तो शब्द रंगीत करून दाखविलेला असतो आणि त्याभोवतीची चार वाक्ये पुरेशी वाटतात. येथे भाषाशास्त्रातील परोक्ष कथनाचा विचार उपयोगी पडतो. न्यायनिर्णय हा अनेक वक्त्यांचा पाठ आहे. त्यात अपीलकर्त्याच्या वकिलांचे म्हणणे असते, प्रतिपक्षाचे उत्तर असते, खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष असतो, अन्य निर्णयांतील उतारे असतात आणि शेवटी न्यायालयाचे स्वतःचे मत असते. ‘असे प्रतिपादन करण्यात आले की’ हे शब्द एकदा येतात आणि पुढील तीन परिच्छेद त्यांच्या अंमलाखाली असतात. मधला परिच्छेद तेवढा उचलणारा वाचक फेटाळलेला युक्तिवाद न्यायालयाचे मत म्हणून उद्धृत करण्याचा संभव असतो.

एकाहून अधिक मतपत्रे असलेल्या निर्णयात हा धोका वाढतो. केशवानंद भारती प्रकरणी १९७३ मध्ये तेरा न्यायमूर्तींनी अकरा मतपत्रे लिहिली आणि निकाल सात विरुद्ध सहा असा लागला. त्या निर्णयातील एखादे वाक्य सापडले म्हणजे त्या निर्णयाचा नियम सापडला असे म्हणता येत नाही. प्रथम ते वाक्य कोणाचे, नंतर ते बहुमताचे की विरोधी मताचे, आणि अखेर ते निकालाला आवश्यक होते की केवळ प्रसंगाने आलेले, असे तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात.

६. निर्णयाचे आजचे बळ

निर्णय सापडला आणि समजला तरी एक प्रश्न उरतो. तो आजही कायदा आहे काय? मूळ पाठ याचे उत्तर देऊ शकत नाही, कारण ज्या निर्णयाने तो रद्दबातल ठरविला तो निर्णय नंतरचा आणि निराळा असतो. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल हा २८ एप्रिल १९७६ चा निर्णय याचे ठळक उदाहरण होय. आणीबाणीत स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग चार विरुद्ध एक अशा बहुमताने ज्या निर्णयाने बंद केला, तो निर्णय डेटाबेसमध्ये आजही त्याच भारदस्त शब्दांत उभा आहे. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे विरोधी मत त्याच पाठात आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या संविधानदुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही अशी तजवीज केली, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणातील नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय स्पष्टपणे रद्दबातल ठरविला.

या उदाहरणात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, निर्णयाचे बळ जाण्याचे मार्ग दोन आहेत: पुढील निर्णय आणि विधिमंडळाने केलेला बदल. केवळ निर्णयांचा परस्परसंबंध दाखविणाऱ्या नोंदीत दुसरा मार्ग दिसेलच असे नाही. म्हणून अधिनियमाचा आजचा पाठ वेगळा पाहावा लागतो. दुसरी, एखादा निर्णय पुढे शेकडो वेळा उल्लेखिला गेला आहे ही संख्या त्याच्या मान्यतेची खूण नव्हे. उल्लेख अनुसरण्यासाठी असतो, वेगळेपण दाखविण्यासाठी असतो आणि नाकारण्यासाठीही असतो. निर्णयांच्या या पुढील इतिहासाची नोंद ठेवण्याचा उद्योग अमेरिकेत फ्रँक शेपर्ड याने १८७३ मध्येच सुरू केला होता. त्याच्याच नावाचे क्रियापद तेथील वकिलांच्या भाषेत रूढ झाले. आपल्या सशुल्क डेटाबेसमधील ‘फॉलोड’, ‘डिस्टिंग्विश्ड’, ‘ओव्हररूल्ड’ या खुणा त्याच परंपरेतील आहेत. खुल्या संकेतस्थळावर अशी खूण नसेल तेथे नंतरच्या निर्णयांची यादी घेऊन त्यांपैकी मोठ्या पीठांचे निर्णय तरी स्वतः वाचावेत.

७. निर्माण केलेले दाखले

अलीकडे प्रश्न विचारताच सलग उत्तर लिहून देणारी साधने प्रचारात आली आहेत. त्यांचा धोका वरील सर्व धोक्यांहून निराळ्या जातीचा आहे. शोधसाधन अस्तित्वात असलेला पाठ वगळू शकते; हे साधन अस्तित्वात नसलेला पाठ घडवू शकते. न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयात माता विरुद्ध एव्हियांका या प्रकरणी वकिलांनी अशा साधनाने पुरविलेले सहा अस्तित्वहीन निर्णय दाखल केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. न्यायनिर्णयाची भाषा अत्यंत साचेबंद असते. पक्षकारांची नावे, ‘विरुद्ध’, वर्ष, खंड, पृष्ठ हा क्रम ठरलेला. युक्तिवादाचे वाक्प्रचार ठरलेले. जी भाषा साचेबंद असते तिची हुबेहूब नक्कल सोपी असते, आणि वाचक साच्यावरून सत्यता ओळखण्यास सरावलेला असतो. म्हणून दाखल्याचे रूप पाहून त्यावर विश्वास ठेवू नये. मूळ संग्रहात तो निर्णय उघडून पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून दिलेले प्रकाशकनिरपेक्ष क्रमांक या पडताळणीस उपयोगी आहेत. उदाहरणार्थ, निवडणूक रोख्यांवरील १५ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाचा क्रमांक ‘२०२४ आय.एन.एस.सी. ११३’ असा आहे. तो कोणत्याही प्रकाशकाच्या खंड-पृष्ठावर अवलंबून नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून अभ्यासाचा जो क्रम निष्पन्न होतो तो असा. प्रथम पाठ्यग्रंथावरून संकल्पना व तिचे पर्यायी शब्द निश्चित करावेत. मग अधिनियमाचा जुना व नवा पाठ पाहावा. नंतर प्रत्येक पर्यायी शब्दाने, नामांतराने व लेखनभेदाने स्वतंत्र शोध घ्यावा. सापडलेला निर्णय आरंभापासून वाचून वाक्याचा वक्ता ठरवावा. आणि शेवटी त्या निर्णयाचा पुढील इतिहास तपासावा. याबरोबर कोणते शब्द, कोणत्या साधनात, कोणत्या तारखेस शोधले याची लेखी नोंद ठेवावी. प्रबंधलेखकाला ही नोंद विशेष उपयोगी आहे, कारण ‘या विषयावर निर्णय नाही’ असे विधान करताना तिच्यावाचून दुसरा पुरावा नसतो.

यात वेळ जातो, हे खरे. पण यंत्राने वाचविलेल्या वेळापैकी थोडा वेळ यंत्राच्या उत्तराची छाननी करण्यात खर्च करणे वावगे नाही. संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. तो घोषित झाला आहे की नाही, हे दाखविणे मात्र शोधणाऱ्याच्या हाती असते. निसटलेल्या निर्णयाची किंमत परीक्षेत काही गुणांनी मोजली जाते. न्यायालयात ती कोणाच्या तरी स्वातंत्र्याने किंवा जमिनीने मोजली जाते.